सगळ्या पाड्याचा एक नंबर

मुलींच्या वसतिगृहाच्या प्रवेशाचं वेब ॲप मी शहाद्याला घरी बसून लिहिलं. फ्रेमवर्कची सोय अशी की प्रत्येक रकान्याचा नियम मॉडेलमध्येच, म्हणजे नोंदीच्या आराखड्यातच, लावता येतो. नियमात न बसणारी नोंद सेव्हच होत नाही. नाव रिकामं नको, मोबाइल दहा अंकी, एक मोबाइल एकदाच. शेवटचा नियम दुबार अर्ज अडवण्यासाठी होता.

प्रवेशाच्या शेवटच्या दुपारी धडगावहून वसतिगृहाच्या लिपिकाचा फोन आला. सातपुड्यातल्या पाड्यावरून एक आई मुलीला घेऊन आली होती आणि अर्ज जात नव्हता. ‘हा मोबाइल आधीच नोंदवला आहे’ असं स्क्रीनवर येत होतं. त्या पाड्यावर रेंज नाही, त्यामुळे सगळे धडगावच्या एकाच किराणा दुकानदाराचा नंबर देतात. मी म्हटलं, दुसरा कुठलाही टाका, संध्याकाळी प्रवेश बंद होतोय.

“खोटा नंबर टाकू का ताई? मंग निरोप कोनले जाई?” लिपिक म्हणाला.

मला लहानपणचं गाव आठवलं. कळसाडीला आमच्या गल्लीत फोन फक्त आमच्याकडे होता. तो वाजला की वडील रिसीव्हर टेबलावर ठेवून ओट्यावर जायचे आणि हाक द्यायचे, “वहिनी, तुन्हा भाऊना फोन शे, चाल लवकर.” शेजारीण पिठाच्या हातांनीच यायची. तिचं बोलणं कानावर पडू नये म्हणून वडील अंगणात जाऊन उभे राहायचे, आणि ती निघाली की भाऊ काय म्हणतो ते हमखास विचारायचे. आता वडील नाहीत. घरात प्रत्येकाचा वेगळा नंबर आहे आणि कुणी कुणाला हाक मारत नाही. माझ्या नियमाने त्या गल्लीतल्या एकाच मुलीला प्रवेश मिळाला असता.

मी तो नियम काढला. मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि गाव हे चारही जुळले तरच अर्ज दुबार, असं ठरवलं. ‘निरोप कुणाकडे द्यायचा’ हा रकाना वाढवला. लिपिकाने पुन्हा बटण दाबलं आणि नोंद झाली.

निवडीचा निरोप पोचला का, हे मी पुढे त्याला विचारलं. मुलगी राहायला आली होती. दुकानदाराने जीपवाल्याला सांगितलं, जीपवाल्याने उताराशी हॉर्न वाजवून आईच्या नावाने हाक दिली, वरच्या शेतातल्या बाईने ती पुढे दिली.

कशी देतात हाक, मी विचारलं. तो हसला. म्हणाला, ते फोनवर कसं सांगू, इकडे या.

जायचं आहे. तिथे माझं काम काहीच नाही, म्हणून दर आठवड्याला ते पुढे ढकललं जातं.