दुसऱ्याच्या नावाचा बेडका

एकतीस वर्षं मिल्काबाई झिराडकरनं लोकांचं गू-मूत, पू आणि बेडके तपासले, पण तिला कधी किळस आली नाही. लॅबमध्ये नव्यानं आलेल्या पोरी नाकाला ओढणी लावायच्या, तेव्हा ती म्हणायची, "अगं, हे आतच राहिलं असतं तर? बाहेर पडलं म्हणून तर माणूस जिता आहे."

हे बापाचं शिकवणं. रूबेन झिराडकर छावणीत कंपाउंडर होता. मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. बोलणं मराठीत, प्रार्थना हिब्रूत. संडासातून आला की बाप हात धुवायचा आणि उभ्यानं एक प्रार्थना पुटपुटायचा. देवा, तू माणसाला भोकं दिलीस, पोकळ्या दिल्यास. उघडायचं ते उघडतं, मिटायचं ते मिटतं, म्हणून मी तुझ्यापुढं उभा आहे, अशा अर्थाची. लहानपणी मिल्काला हसू यायचं. "संडासाची काय प्रार्थना!" बाप म्हणायचा, "आपल्या पूर्वजांना वाट द्यायला समुद्र एकदाच फाटला. हे रोज होतंय. मोठं कोणतं?"

बाप गेला, लग्न झालं नाही, आणि पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत मिल्काबाई एकटीच राहिली. भिंतीपलीकडं सुरेखा. शिवणकाम करणारी, तोंडाची फटकळ, वीस वर्षांपासूनची शेजारीण. शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा वार, त्या दिवशी मिल्काबाई चूल पेटवत नाही हे सुरेखाला घड्याळाइतकं पाठ. बरोबर अकराला भिंतीवरून डबा यायचा.

त्या सुरेखाला टीबी झाला. बेडका मिल्काबाईनंच तपासला. काचेवर निळ्या रंगात जंतूंच्या लाल काड्याच काड्या, पायदळी तुडवलेल्या गुलमोहरासारख्या. सहा महिन्यांच्या गोळ्या लागल्या. दोन महिन्यांत खोकला जवळजवळ थांबला, अंगावर थोडं मांस चढलं आणि तिथंच घाण झाली. सुरेखा बिडकीन रोडवरच्या सांडू महाराजांच्या दरबारात जाऊ लागली.

हा सांडू चार वर्षांपूर्वी बोअरवेलची गिऱ्हाइकं गाठून द्यायचा. आता गादीवर बसून पेशंटच्या उघड्या तोंडात फुंकर मारत होता. रांगेतल्या दोनशे तोंडांत, एकामागून एक. वर अंगाऱ्याची पुडी.

"मिल्काताई, खोकला थांबला की न्हाई?" सुरेखा म्हणायची.

"गोळ्यांनी थांबला."

"गोळ्यांनी लघवी तांबडी झाली नुस्ती. महाराज म्हनले, रोग वाहून चालला."

"औषधाचा रंग आहे तो. मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"तुमचं आपलं कायबी. तुमच्या भिंतीवर रथात बसून आभाळात चाललेल्या बाबाचा फोटू हाय. तुमचा चालतो अन् आमचा नाय?"

"एलियाहू आहे तो, आमचा संदेष्टा. आमच्याकडं येतो, मलिदा खातो आणि गुमान जातो. गोळ्या बंद कर म्हणत नाही."

सुरेखा हसली, पण गोळ्या बंद करायचं तिचं ठरलेलं होतं. येत्या शनिवारी दरबारात स्टेजवर उभं राहून ती गोळ्यांची पाकिटं महाराजांच्या पायाशी टाकणार होती. गोळ्या मधेच सोडल्या की हा रोग दबा धरून बसतो आणि पुन्हा उठतो तेव्हा साध्या गोळ्यांना जुमानत नाही. असली चार मढी मिल्काबाईला नावानिशी ठाऊक होती.

बुधवारी सुरेखा लॅबवर आली. तिनं बाटली टेबलावर ठेवली. "तपासा. जंतू गेलं का बगा."

मिल्काबाईनं बाटली उजेडात धरली. घट्ट, हिरवट बेडका, आणि त्यात तपकिरी कण. तंबाखूचा. सुरेखानं आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता.

"हा तुझा नाही."

सुरेखा जरा चुळबुळली. "महाराजांचा हाय."

"काय?"

"त्यांनी माझं दुखनं अंगावर घेतलं. मंग बेडका त्यांचाच द्यायचा ना? नाव माझं टाकायचं, आसं त्यांनीच सांगितलं."

मिल्काबाईनं बाटली खाली ठेवली. त्या माणसानं खाकरून बाटलीत थुंकलं, झाकण लावलं आणि पदरात बांधून घ्यायला या भोळ्या बाईच्या हातात दिलं. सुरेखानं ती बाटली बहुतेक कपाळालाही लावली असेल.

तरी मिल्काबाईनं काच रंगवली. तपासायचं म्हणजे तपासायचं. वर सुरेखाचं नाव मात्र घातलं नाही. सूक्ष्मदर्शकात डोळा घातला आणि काच सरकवत गेली. लाल काड्या. पहिल्या काचेवर सुरेखाच्या होत्या, त्याहूनही जास्त.

"सुरेखा, त्याला टीबी आहे. दोनशे लोकांच्या तोंडात फुंकतोय तो."

मिल्काबाईला वाटलं होतं, आता हिचे डोळे उघडतील. सुरेखानं दोन्ही हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं. "बगा! बगा मिल्काताई! म्हनले व्हते ना? माझं समदं त्यांच्यात गेलं!"

मिल्काबाईनं काच बाजूला ठेवली. आता या बाईला काय सांगायचं? पुरावाच बाईनं गिळून टाकला होता.

"त्याच्यात गेलं ना?" मिल्काबाई म्हणाली. "मग तुझ्यात काही उरलं का, तेही बघू. उद्या पहाटे उठल्या उठल्या खोकून काढ. थुंकी नको, छातीतला पाहिजे. आणि माझ्यासमोर काढ."

"काढते की! भ्या कुनाला हाय?"

दुसऱ्या पहाटे अंगणात, मोरीच्या कडेला उभं राहून सुरेखानं बेडका काढला, तोही जिंकायचंच आहे अशा जोमानं. शुक्रवारी दुपारी मिल्काबाई काच घेऊन बसली. आणि डोळा लावायच्या आधी तिच्या मनात आपसूक शब्द उठले, देवा, हिच्यात जंतू निघू दे.

ती थबकली.

जंतू निघाले तर महाराज खोटा पडेल, सुरेखा गोळ्या घेईल. नाही निघाले तर चमत्कार खरा ठरेल आणि बाई गोळ्या टाकून मरेल. म्हणजे जिच्या डब्यातलं वीस वर्षं खाल्लं, तिच्या छातीत सड असावी म्हणून ती देवाला विनवत होती. तिला स्वतःचीच किळस आली.

बाप सांगायचा, परगावाहून येताना वेशीपाशी रडारड ऐकू आली, तर 'देवा, माझ्या घरातली नको' असं म्हणू नये. वाया गेलेली प्रार्थना आहे ती. जे व्हायचं ते कुणाच्या तरी घरात होऊन गेलंय. मग तू देवाकडं काय मागतोस? मढं उचलून शेजाऱ्याच्या ओसरीवर टाक म्हणतोस?

बाटलीत जे होतं ते कालच पडलं होतं. तिनं डोळा लावला. शंभर ठिकाणी बघितलं, पुन्हा शंभर ठिकाणी. नुसतं निळं. स्वच्छ. गोळ्यांनी आपलं काम केलं होतं, आणि अजून चार महिने करायचं बाकी होतं.

मिल्काबाईनं क्षणभर पेन हवेत धरलं. एक खोटं अक्षर, आणि काम झालं असतं. पण मग तिच्यात आणि त्या गादीवरच्यात फरक काय? तिनं लिहिलं, जंतू आढळले नाहीत. संध्याकाळी शनिवारच्या नेमाचे दिवे लावायच्या आत कागद भिंतीवरून दिला. पलीकडं सुरेखानं पेढे वाटले.

शनिवार आला. बाप गेल्यापासून मिल्काबाई शनिवारी कधी गाडीत बसली नव्हती. पण जीव वाचवायचा असेल तर शनिवार बाजूला ठेवायचा, ठेवलाच पाहिजे, हेही बापानंच सांगितलेलं. ती रिक्षात बसली. "बिडकीन रोड. दरबार."

"बाबा के पास? आप भी, खाला?" रिक्षावाला म्हणाला.

"चूप चला."

मंडपात स्पीकर कोकलत होता. अंगाऱ्याचा, तेलाचा, घामाचा वास. पाठीमागच्या पत्र्याच्या खोलीत सांडू महाराज गादीवर बसायच्या तयारीत होता. हातात रुमाल. तिला बघून त्यानं तो मांडीखाली सारला, तरी तांबडं दिसलंच.

"तुझा बेडका मी तपासला," मिल्काबाई म्हणाली. "किती दिवस रक्त पडतंय?"

त्यानं दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "दिवाळीपासून. ताई, निघाला का?"

तेव्हा तिला उमगलं. दुखणं अंगावर घेणं बिणं सगळं झूट. ह्याला स्वतःची तपासणी करून घ्यायची होती.

"दवाखान्यात का नाही गेलास?"

"महाराजाला टीबी? एका दिवसात मंडप उठंल. म्हनून बाईच्या नावानं धाडला." मग एकदम पोरासारखा म्हणाला, "बरा होतो ना ह्यो?"

"गोळ्यांनी होतो. तिला सोडायला सांगतोस त्याच गोळ्यांनी."

त्यानं मांडीखालचा रुमाल काढून तोंड पुसलं.

"ऐक. तुझं नाव रजिस्टरला जाणार. सरकारी माणूस औषध घेऊन तुझ्या घरी येईल, दरबारात नाही. फुंकर आजपासून बंद. आणि सुरेखाला गोळ्या चालू ठेव म्हणून सांगायचं. आत्ता. सगळ्यांसमोर."

"अन् तुमी बाहेर बोलनार नाय?"

"फुंकर बंद आहे तोवर."

सुरेखा नवी साडी नेसून पाकिटं घेऊन स्टेजवर आली. महाराज उठला. तोंडावर भगवं उपरणं बांधलेलं. "बाई, तुझा रोग म्या घेतला. पर पाव्हना गेला तरी घर सारवावं लागतं. गोळ्या सहा महिनं पुऱ्या कर. ह्यो माझा हुकूम. अन् आजपासून म्या मौन-मुख धरलं, फुंकर नाय, निस्ता अंगारा."

मंडपात टाळ्यांचा पाऊस पडला. बाया रडल्या. सुरेखानं पाकिटं छातीशी धरली. मिल्काबाईनं दोन महिने घसा फोडून सांगितलं होतं. ते या रक्त ओकणाऱ्या भामट्यानं एका ओळीत करून घेतलं, आणि त्यातूनही तो आणखी मोठा झाला.

मिल्काबाई मंडपामागं गेली. पत्रावळींच्या ढिगाशेजारी गुडघ्यांवर हात टेकून ओकली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. हात-तोंड धुतलं. रिक्षावाल्यानं विचारलं, "तबीयत?" ती म्हणाली, "साफ झाली."

आता रोज सकाळी सातला ती भिंतीशी उभी राहते. पलीकडून सुरेखा पाण्याचा तांब्या घेऊन येते, गोळ्या कपाळाला लावते, डोळे मिटते.

"महाराजांची किरपा."

"गिळ."

"गिळली की."

"आ कर. जीभ वर कर. डाव्या गालात काय आहे ते?"

"दाढ हाय वो, ताई!"

"दाढच आहे ना? बघू दे. अजून आ कर."