साडूंची हवेची तोफ

"हवा आणि मी सारखेच, दाबल्याशिवाय दोघंही कामाचे नाहीत," असं माझे साडू एकदा म्हणाले होते. मी हसलो. हवेचा दाब हा माझा विषय. शाळेत एकवीस वर्षं तो शिकवतो आहे, आणि त्या एकवीस वर्षांत सायकलच्या चाकापलीकडे मी कशातही हवा भरलेली नाही, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

साडू पशुखाद्याच्या कारखान्यात फिटर. कोंडा साठवायची तिथली कोठी तीन मजली उंच, पत्र्याची, खाली नरसाळ्यासारखी निमुळती. दमट दिवसांत कोंडा भिंतींना चिकटतो, आतल्या आत कमान धरतो, आणि खालून काहीच पडत नाही. त्याला तिथे 'कोठी रुसली' म्हणतात. मग साडू हातोडा घेऊन तिची समजूत काढत. सव्वीस वर्षं काढली. पत्र्याच्या एका पट्ट्यात इतके खड्डे पडले होते की देवी आलेल्या माणसाचा गाल वाटावा. त्यांचा उजवा कानही त्यातच गेला. घरात काम सांगायची वेळ आली की ते तोच कान पुढे करीत.

हातोड्यानेही कोठी मानली नाही, तर एका माणसाला वरून आत उतरून पहारीने कमान फोडावी लागे. कमान फुटली की पायाखालचा कोंडा जातो, आणि माणसाला वेळेवर वर ओढलं नाही तर कोंड्याबरोबर तोही. हे काम आठ महिन्यांपासून साडूंच्या जावयाकडे होतं. तो सडपातळ होता आणि कारखान्यात नवा होता. नोकरी साडूंनीच लावून दिली होती. मुलगी माहेरी आली की आईशी बोले, मावशीशी बोले, माझ्याशीसुद्धा बोले. बापाच्या ताटात वाढून मुकाट्याने आत जाई. एकदाच म्हणाली, "बाबा, तुमच्या शब्दाखातर ते तिथे लागले. आणि ते घरी येतात की नाही, याची वाट रोज मी बघायची."

म्हणून तोफ. टाकीत हवा दाबून भरायची आणि एका झटक्यात कोंड्यावर सोडायची, म्हणजे आत माणूस उतरायला नको. असं यंत्र विकत मिळतं. कारखान्याच्या साहेबांनी त्याचं माहितीपत्रक चहाच्या कपाखाली ठेवलं होतं. साडू ते कपाखालून काढून थेट माझ्याकडे आले. मास्तर, तुम्ही शिकलेले, म्हणाले, एवढं कागदावर मांडून द्या.

त्या 'शिकलेले'ने मी फुगलो. तीन रविवार आकृत्या काढल्या. कडांना छाया दिली, बाण काढले, प्रत्येक बाणाला एक ग्रीक अक्षर दिलं. साडूंनी ट्रकच्या ब्रेकची जुनी टाकी आणली, पाणी भरून दाबाला तपासून घेतली, तोंडाशी हातभर लोखंडी नळी जोडली. मधला दट्ट्या माझ्या आकृतीबरहुकूम बसवला, त्यामागे माझी स्प्रिंग. पहिली चाचणी त्यांच्या मागच्या अंगणात झाली. तोफेने एक लांब सुस्कारा सोडला. मोठी मेहुणी दारातून म्हणाली, जेवल्यावर हेही रोज असंच करतात, आणि टाकीशिवाय.

साडूंनी माझी स्प्रिंग काढून खिशात घातली आणि दट्ट्यामागची हवा आधी सुटेल अशी एक तोटी बसवली. मागचा आधार गेला की दट्ट्या मागे फेकला जातो आणि टाकीतली हवा पुढे धावते. दुसऱ्या बाराला समोर ठेवलेलं ओल्या भुशाचं पोतं फाटलं आणि वाळत घातलेले सगळे कपडे भुशाने माखले. मेहुणीने आम्हा दोघांचा उद्धार केला. संध्याकाळपर्यंत मी तीन जणांना ते तत्त्व समजावून सांगितलं, माझंच असल्यासारखं.

मतभेद झाला तो जागेवरून. साडूंना तोफ खड्ड्यांच्या पट्ट्यात बसवायची होती. "सव्वीस वर्षं तिला विचारतोय कुठे दुखतं म्हणून," ते म्हणाले. "ती तिथेच सांगते."

मी म्हणालो, खड्डे म्हणजे सवय, शास्त्र नव्हे. आणि आकृतीत बरंच खाली एक फुली मारली. त्यांनी आकृतीची घडी करून खिशात घातली. मग कोठीला भोक पाडलं ते फुलीवरच. शिकलेल्या माणसाला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. मला आयुष्यात मिळालेला मान बहुतेक असाच मिळालेला आहे.

प्रयोगाच्या दिवशी कोठी सकाळपासून रुसलेली. बार फुकट गेला तर नेहमीसारखा माणूस उतरवायचा, असं साहेबांनी आधीच बजावलं होतं, म्हणून जावई कमरेला दोर बांधून शिडीशी उभा. दोराशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, हा एवढा एकच नियम तिथे पाळला जाई, आणि दोरही तो एकच होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो.

साडूंनी तोटी फिरवली. पत्रा हादरला, छपरावरची कबुतरं उडाली. नरसाळ्यातून ओंजळभर कोंडा पडला आणि थांबला. मी वाकून खालून विजेरी मारली. हवेने भिंतीलगतच्या कोंड्यात एक सुबक गोल बोगदा पाडला होता, अगदी माझ्या आकृतीतल्यासारखा. कमान त्याच्या कितीतरी वर शाबूत होती, खड्ड्यांच्या उंचीला.

"जागा कुणी ठरवली?" साहेबांनी विचारलं.

मी घसा साफ करू लागलो. त्याला लागतो तेवढाच वेळ लागला.

"मी," साडू म्हणाले.

नवं भोक पाडायला त्यांनी दोन तास मागितले. साहेब म्हणाले, बाहेर गाड्या उभ्या आहेत, आणि जावयाकडे बघून त्यांनी हनुवटी वर केली. जावयाने शिडीवर पाय ठेवला.

"जावईबापू, खाली या."

तो खाली आला. साडू त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि दोराची गाठ उकलू लागले. गाठ घट्ट होती. शेवटी त्यांनी ती दातांनी सैल केली. साहेब विचारत होते, हा काय प्रकार आहे, उद्यापासून कामावर यायचंय की नाही. तेव्हा कुठे माझा घसा साफ झाला. जागा मी ठरवली होती, असं मी म्हणालो. कुणी वळूनही पाहिलं नाही.

साडूंनी दोर कोपरापासून पंजापर्यंत नीट गुंडाळला, खांद्यावर टाकला, आणि माझ्या इस्त्रीच्या शर्टाला कोंडा लागू नये म्हणून जरा अंग चोरून बाहेर निघून गेले.