इन्स्पेक्टरसाहेबांचे उत्तम रिपोर्ट

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वजनमापांचे इन्स्पेक्टर होते. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला शिशाचा तुकडा ते नुसतं बोट फिरवून शोधून काढत. दुकानदार त्यांना वचकून असत आणि घरात ताई. निवृत्तीनंतर तपासायला दुकानं उरली नाहीत, तेव्हा दोरीवरच्या कपड्यांना ताईने चिमटे सरळ लावलेत की नाहीत ते बघू लागले. रिकाम्या माणसाला उद्योग हवा असतो, दुसरं काय!

मग एकदा जिना चढताना त्यांच्या छातीत धडधडलं. इस्पितळात कळलं की हृदयाचे ठोके ताल सोडून पडतायत. अशा माणसाच्या रक्तात गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची, जन्मभर. त्या इस्पितळात नेमकं याच आजारावर संशोधन चाललं होतं. कोणत्या सवयींनी धोका वाढतो, कोणाला पूर्ण डोस लागतो, कोणाला हलका पुरतो, असं काहीतरी. भाऊजींना सामील व्हाल का विचारलं. "संशोधन" हा शब्द ऐकूनच स्वारी फुगली.

प्रश्न विचारायला एक संशोधक मुलगी बसली होती. मी आणि ताई भाऊजींच्या दोन बाजूंना.

"काका, सिगरेट ओढता?"

"छे! मला वासही सहन होत नाही."

हे बोलताना त्यांचा लायटर ताईच्या पर्समध्ये होता. आत येण्यापूर्वी त्यांनीच तो तिथे टाकला होता.

"मद्य?"

"नाव नको."

"रोज चालता?"

"पहाटे तासभर. पाऊस असो, थंडी असो."

पहाट कशी दिसते हे भाऊजींना विचारलं असतं तर शेजाऱ्यांकडे चौकशी करून सांगावं लागलं असतं. ताई काही बोलायला गेली, तर त्यांनी नुसती मान वळवली. ती गप्प बसली. तीस वर्षांची सवय.

मुलीने धोक्याचे गुण मोजले. भाऊजींचे अगदी कमी निघाले आणि त्यांना हलक्या डोसच्या गटात घातलं. कमी गुण मिळाले म्हणून छाती काढून चालणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

बरं, ती हलकी गोळी तरी घ्यावी? दाढी करताना कापलं की रक्त लवकर थांबत नाही, एवढ्यावरून त्यांनी ती बंद केली. "मी काय आजारी आहे?" असं वर. पण तपासणीची तारीख जवळ आली की आठवडाभर गोळ्या चालू, सिगरेट बंद, ताईच्या मागे लागून अळणी जेवण आणि जाताना गालात लवंग. वर्षभर उनाडून परीक्षेच्या आधी घोकणारी कार्टी असतात ना, तसं. इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर खरी वजनं बाहेर काढणारे दुकानदार ज्याने उभा जन्म पकडले, तो स्वतः तेच करत होता. आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

रिपोर्ट अर्थातच उत्तम. संशोधकांना तरी काय हवं होतं? गोळी हलकी, माणूस ठणठणीत! अचानक कधी कोणी घरी येऊन बघितलं नाही. उलट इतर रुग्णांच्या सभेत भाऊजींना बोलायला उभं केलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते "शिस्त" या विषयावर बोलले. मुख्य डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं. सभा संपल्यावर वळणावरच्या टपरीआड शिस्तीचा धूर निघाला तो मी या डोळ्यांनी पाहिला.

मी त्यांना तोंडावर म्हटलं, "भाऊजी, फसवताय कोणाला?"

"तुला कळत नाही त्यात बोलू नकोस. रिपोर्ट बघ."

ताईला म्हटलं, तू तरी त्या मुलीला सांग. ती म्हणाली, "चारचौघांत त्यांचा अपमान होईल गं." अपमान! नवऱ्याचा जीव टांगणीला लागलेला आणि हिला त्याच्या अब्रूची पडलेली.

आणि एका दुपारी पेपर वाचताना भाऊजींच्या हातून तो गळून पडला. उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालं. आम्ही इस्पितळात नेलं. संशोधनात नाव असल्याने ती मुलगी धावत आली, मुख्य डॉक्टर आले. फोटो काढला, मेंदूत गुठळी होती.

डॉक्टर घाईने म्हणाले, "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते आत्ताच द्यावं लागेल. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर देता येणार नाही, डोक्यात रक्तस्राव होईल. काका, गोळी रोज घेता ना?"

आणि भाऊजींनी, त्या वाकड्या तोंडाने, मान डोलावली. हो.

"आजही घेतली?"

पुन्हा हो. मुलगीसुद्धा म्हणाली, "सर, यांची एकही गोळी चुकत नाही. आपले सगळ्यात चांगले पेशंट आहेत." डॉक्टर इंजेक्शन बाजूला ठेवायला सांगणार, तेवढ्यात भाऊजींनी ताईकडे ती जुनी मान वळवली. जेवढी वळली तेवढी.

ताई म्हणाली, "खोटं बोलतायत."

डॉक्टर तिच्याकडे वळले.

"मागच्या तपासणीपासून एकही गोळी घेतलेली नाही. पाकीट भरलेलं आहे घरी. सिगरेट ओढतात. पहिल्या दिवसापासून सगळं खोटं सांगितलंय. द्या इंजेक्शन."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "नक्की?"

"मी त्यांची बायको आहे," ताई म्हणाली. "द्या."

दिलं. संध्याकाळपर्यंत बोटं हलायला लागली, चार दिवसांनी जीभही. मुख्य डॉक्टर मात्र पुन्हा वॉर्डात फिरकले नाहीत, त्यांच्या उत्तम रुग्णाचं तोंड बघायला. ती मुलगी आली, ताईजवळ बसली आणि सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारू लागली. या वेळी तिला.

भाऊजींनी भिंतीकडे तोंड केलं. घरी आल्यावरही त्यांनी ताईशी अबोला धरला. इस्पितळात सगळ्यांसमोर नाक कापलं म्हणे! पाणी हवं असलं तर पेल्यावर चमचा वाजवतात.

मी चिडून ताईला म्हटलं, "बघ, जीव वाचवलास त्याचं हे बक्षीस."

आतून चमचा वाजला. ताई पाणी घेऊन उठली.

"धरू देत अबोला," ती म्हणाली. "त्यालासुद्धा माणूस जिवंत लागतो."