उलट्या टोकाने पेटवलेला राब

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. मुलांच्या नाही, सुनांच्या नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय शिताफीने टाळत आले. तुम्ही ना आमच्या पोशेरा गावचे, ना माझ्या नात्यातले. म्हणून तुम्हाला सांगते.

आधी थोडा तोरा मिरवू द्या. जुनी खोड आहे.

माझा नवरा लढाईवर जाऊन आलेला माणूस. ब्रह्मदेशात लढलेला. आमच्याकडे तेव्हा मोखाड्याचा बाजार म्हणजे जगाचं टोक, आणि हे समुद्र ओलांडून आलेले. मी जव्हारची, चार इयत्ता शिकलेली, स्वतःला राणीच्या खालोखाल समजणारी. लग्न ठरलं तशी मैत्रिणींना सांगत सुटले — आमचे हे कशाला म्हणून भीत नाहीत.

खोटं नव्हतं ते. चुलीतला निखारा बोटांनी उचलून विडी पेटवायचे, आणि विडी पेटली तरी निखारा खाली ठेवायचे नाहीत. खेकडे धरताना बाकीचे लोक बिळाच्या तोंडाशी ताजा चिखल आहे का ते बघतात; नसला तर आत साप असायचा. आमचे हे न बघताच खांद्यापर्यंत हात घालायचे. नदीला लोंढा आला की एकटेच उतरायचे. लोक म्हणायचे, काय छाती आहे माणसाची. मी पदर सावरत म्हणायचे, मग.

आमची नातसून ठाण्याला मनाच्या आजारांच्या दवाखान्यात काम करते. परवा सांगत होती, लढाईतून परतलेल्या काही माणसांचं असं होतं. आपण वाचलो हाच त्यांना आपला गुन्हा वाटतो, मग ती जिवाशी खेळत राहतात. तिने त्याचं नावही सांगितलं. मी तोंडाचा आ करून ऐकलं, जणू पहिल्यांदाच कळतंय.

पण मला माहीत होतं — नाव नव्हतं माहीत, गोष्ट माहीत होती.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी, बांधावर भाकरी खाताना ह्यांनी आपणहून सांगितलं होतं. लढाईत ह्यांची गाडी पेटली. ह्यांनी उडी टाकली, जोडीदार आत राहिला. "हाक मारली होती त्याने," म्हणाले, आणि हातातली भाकरी कुत्र्याला टाकली. मग म्हणाले, "मी बाहेर यायला नको होतं." त्या बिळांत हे काय शोधत होते ते मला त्या दिवशी कळलं. कळून मी काय केलं म्हणता? पुढच्या बाजाराला दोन बायकांना थांबवून ह्यांचा पुरातला पराक्रम सांगितला. मीठमसाला लावून.

मग संस्थान विलीन झालं. माझ्या अक्काचे यजमान, आमचे दाजी, जव्हारच्या कचेरीत कारकून होते; ते एका रात्रीत सरकारी झाले. झेंडा बदलला तिकडे, आणि मान उंचावली अक्काची. दोनेक वर्षांनी वैशाखात दोघं आमच्याकडे आली. ओटीवर टेकायच्या आत तिने सुरुवात केली.

"शेवंते, तुझ्या मालकांनी नोकरीबिकरी बघितली का? नुसते डोंगराकडे बघत बसतात म्हणे."

"बघतील. त्यांना खुर्चीत बसून पाठ दुखवून घ्यायची सवय नाही," मी म्हटलं. दाजी बिचारे हसले. अक्का नाही हसली.

त्याच दिवशी आमचा राब भाजायचा होता. भाताच्या रोपांसाठी जमिनीवर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून वर माती टाकतात आणि पेटवतात, तो राब. वारा ज्या बाजूला जातो त्या टोकाने तो पेटवायचा. मग आग वाऱ्याला तोंड देत हळूहळू सरकते आणि माती नीट भाजते. आमच्याकडे शेंबड्या पोराला हे कळतं. मलाही कळत होतं.

मी दुसऱ्या टोकाने पेटवला. जाणूनबुजून — म्हणजे आग धावेल, पेंढ्याच्या उडवीकडे जाईल, हे हिरवी फांदी घेऊन तिला झोडपून काढतील, आणि अक्का बघेल. बस्स, एवढीच माझी अक्कल.

आग धावली. हे फांदी घेऊन आत गेले. आणि आत जाऊन फांदी टाकून दिली. उभे राहिले. कुणी येणार आहे म्हणून वाट बघावी तसे, हात खाली सोडून.

आणि मी? मी अक्काचा चेहरा बघत होते. तिच्यावर छाप पडली का, ते. किती वेळ बघितलं कोण जाणे. ह्यांच्या सदऱ्याने पेट घेतला तो मी पाहिलाच नाही.

दाजी धावले. इस्त्रीचं धोतर नेसलेले, उंदराला भिणारे आमचे दाजी. "साडू, चला बाहेर, चला," म्हणत ह्यांना काखेत धरून ओढत होते, आणि हे म्हणत होते, "सोडा मला." ते मी ऐकलं. अक्कानेही ऐकलं असेल. ह्यांच्या उजव्या हाताची बोटं भाजली, पुढे ती वाकडीच राहिली.

गावाला मी सांगितलं, वारा फिरला. हे उडवी वाचवायला गेले. मुलांना तेच सांगितलं, नातवंडांनाही. दाजींचं नाव मी त्यात कधी घेतलं नाही. दाजींनीही मरेपर्यंत अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या वैशाखात हे पेटती पेंढी डाव्या हातात घेऊन बांधावर आले. ती माझ्यापुढे धरली.

"कुठल्या टोकाने लावायचा ते तूच ठरव," म्हणाले. आवाजात राग नव्हता. वर्षभर माहीत होतं त्यांना.

मी पेंढी घेतली आणि वारा जात होता त्या टोकाला गेले. हे बांधावर बसून होते. राब विझेपर्यंत मी त्यांच्यावरची नजर काढली नाही, आणि त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.