आयतं जोतं

आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका वाडीत मी दरडीचा धोका समजावायला गेले होते. थोडक्या वेळात पडणारा मुसळधार पाऊस, ढिली होणारी माती, सगळं तक्ते दाखवून सांगितलं. लोकांनी कौतुकाने चहा पाजला. निघताना एक मावशी मला डोंगराच्या पायथ्याशी घेऊन गेल्या. तिथे त्यांच्या नव्या घराचं जोतं नुकतंच बांधून झालं होतं.

“ताई, हितं बांधू का नको?”

मी शक्यतांचं पुराण लावलं. त्यांनी ते मध्येच तोडलं. “तुमी बांधलं असतं का?”

“नाही,” मी म्हणाले. इतकं सरळ उत्तर मी नोकरीत एकदाच दिलं असेल.

मावशींनी खाली रस्त्याकडेला, भाताच्या एका खाचरात भराव टाकून घर बांधलं. वरच्या आयत्या जोत्यावर त्यांच्या दिराने भिंती चढवल्या. मी त्यालाही सांगायला गेले, तर त्याच्या मुलींनी मला नाचणीची भाकरी वाढली आणि तो हसत म्हणाला, “मॅडम, वैनीला घाबरवलं, मला नगा घाबरवू.”

तेव्हापासून पाऊस लागून राहिला की मी मावशींना फोन करते, आणि त्या दिराच्या कुटुंबाला खाली बोलावतात. दोन दिवस सगळे राहतात. डोंगर जागचा हलत नाही. सगळे परत वर.

दर वेळी मला हायसं वाटतं, आणि पाठोपाठ किंचित वाईटही वाटतं. का, ते कळायला फार वेळ लागला. डोंगर हलला असता तर माझं खरं ठरलं असतं. हे लिहितानाही लाज वाटते. त्या मुलींनी वाढलेली भाकरी मी खाल्ली आहे. मग मला नेमकं हवंय काय?

यंदा आषाढात मावशींचाच फोन आला. “ताई, दीर यायला न्हाई म्हणतो. दर साली बोलावता, काय व्हतं, म्हणतो. काय सांगू त्याला?”

माझ्यासमोर पावसाचे आकडे होते. डोंगर आज खाली येईल असं त्यांच्यावरून म्हणता येईना, आणि येणार नाही असंही.

“पुन्हा बोलवा,” मी म्हणाले.

“बरं. जाऊन पोरींना तरी घिऊन येते.”

फोन ठेवल्यावर मला कळलं की सुरक्षित घरात बसलेल्या बाईला मी त्या पावसात वर डोंगराच्या पायथ्याशी धाडलंय. परत फोन लावला. कोणी उचलला नाही; मावशी निघून गेल्यावर तो घरातच वाजत राहिला असणार.

दोन तासांनी त्यांचा फोन आला. पोरी आल्या होत्या, मागोमाग दीरही.

“आणि डोंगर?”

“हाय की तिथंच.”

त्या दिवशी मला नुसतं हायसं वाटलं. पुढच्या वेळी फोन केला तर मावशी पुन्हा वर जातील; करावा की नाही, ते मात्र अजून ठरत नाही.