पुसायचा आवाज

गावी पाठवायची ब्लँकेटं आज बाहेर काढली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. इथं आखातात, अल मजाजच्या जुन्या फ्लॅटमध्ये, आवाज घुमू नये म्हणून हीच ब्लँकेटं भिंतींना टांगून माझ्या नवऱ्यानं, पास्कलनं, स्वतःचा अल्बम रेकॉर्ड केला होता.

वसईच्या लग्नांत त्यानं रचलेली गाणी वाजायची, पण आवाज दुसऱ्यांचे. आधी तो नमुना म्हणून गायचा, गायक तो नमुना ऐकून गायचा, मग पास्कलचा आवाज पुसून टाकायचे.

त्या दुपारी आवाज नको म्हणून एसी बंद होता. मी दाराशी घामानं निथळत होते. पास्कल डोळे मिटून विहिरीवरचं गाणं गायला, हेडफोन काढला आणि सवयीनं म्हणाला, "यल्ला, चला, आता गायकाला बोलवा."

रेकॉर्डिंग करणारा शेजारचा नेल्सन म्हणाला, "अंकल, गायक तर गाऊन मोकळा झाला."

आम्ही हसलो. पास्कल हसला नाही. "परत लाव," म्हणाला, आणि स्वतःचं गाणं शेवटपर्यंत ऐकत बसला. मी एसीच्या रिमोटला हात घातला तर त्यानं हातानंच मला थांबवलं.

तेव्हा जीव नुसता कासावीस झाला होता. आज वाटतं, अजून थोडं उकडलं असतं तरी चाललं असतं.