हो, भांडण झालं होतं

अकोल्यात कुंदाताईंशी भांडून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. त्या शाळेत गणित शिकवतात. भाजीवाल्याशी मापावरून, मुख्याध्यापकांशी वेळापत्रकावरून आणि लेकीशी, म्हणजे अदितीशी, कशाहीवरून त्यांचं वाजायचं. राग मात्र दुधासारखा, वर यायचा तसाच खाली बसायचा.

दोन वर्षांपूर्वी अदितीला हैदराबादला नोकरी लागली. "इथं काय नोकऱ्यायचा दुष्काळ पडला?" म्हणत ताईंनी घर डोक्यावर घेतलं. अदितीही आईचीच लेक, तिनं आवाज चढवला. ऐन भांडणात ताईंच्या छातीत कळ आली आणि त्या ओट्याशी खाली बसल्या.

अमरावतीच्या हॉस्पिटलात कळलं, हार्ट अटॅक. पण रक्तवाहिनीत चरबी साचलेली नव्हती, बीपी नाही, शुगर नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर आपोआप फाटलं होतं. असं बहुतेक वेळा बायकांनाच होतं आणि का, ते अजून पुरतं उमगलेलं नाही. म्हणून अशा रुग्णांची नोंद ठेवायची, वर्षानुवर्षं त्यांची चौकशी करायची, असं संशोधन चालू होतं. डॉक्टरांनी विचारताच ताई तयार झाल्या. गणित सुटत नसेल तर माहिती कमी पडते आहे, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

पण नोंदी घेणाऱ्या सीमाताईंनी विचारलं, "अटॅकच्या आधी काही संताप, ताण?" पलंगाच्या पायथ्याशी अदिती उभी होती, रडून चेहरा सुजलेला. ताई म्हणाल्या, "छे. डाळ निवडून राहिली होती मी." लेकीसाठी त्या बिनदिक्कत खोटं बोलल्या.

अदिती हैदराबादला गेली नाही. तिनं गावातच नोकरी धरली आणि वाद घालणं सोडून दिलं. ताईंनी तिच्या केसांना नावं ठेवली, मैत्रिणींना ठेवली, मुद्दाम खोड्या काढल्या. उत्तर एकच, "हो आई." ताईंना घास गोड लागेना. त्यांना त्यांची भांडकुदळ पोरगी परत हवी होती.

मागच्या आठवड्यात सीमाताईंचा नेहमीचा चौकशीचा फोन आला. ताईंनी अदितीला शेजारी बसवलं आणि स्पीकर लावला.

"सीमाताई, माह्यं एक उत्तर चुकलं होतं. दुरुस्त करा. भांडण झालं होतं, चांगलं जोरदार. अन् सुरुवात मी केली होती."

"बरं केलं सांगितलं."

"मंग त्याच्यानंच झालं काय?"

"ते कोणी छातीठोक नाई सांगू शकत, ताई. काही जणींले आधी मोठा धक्का बसला होता, काही निवांत वेणी घालून राहिल्या होत्या. ताणाचा हात असू शकते, पण एकट्या भांडणावर खापर नाई फोडता येत. खरं कळावं म्हणूनच तं विचारतो आमी."

फोन ठेवला. अदिती ताडकन उठली.

"दोन वर्षं, आई. तू तेव्हा लपवलं, म्हणून मी समजली का माह्यामुळंच झालं. नाही तं कावून लपवलं असतं? खरं बोलली असती तं मी तेव्हाच विचारलं असतं डॉक्टरायले. सगळं तूच ठरवते, नेहमीच ठरवते, अन् मले..."

आवाज चांगलाच चढला होता. तेवढ्यात तिची नजर आईच्या छातीकडे गेली आणि ती गप्प झाली.

ताईंनी तिचा हात धरला. "थांबू नको," त्या म्हणाल्या. "बोल. हैदराबादचंही बोल."

अदिती बोलत सुटली आणि कुंदाताईंनी जन्मात पहिल्यांदा मध्ये तोंड घातलं नाही.